हलू नका, जोडी जमून राहिली

क्रिकेटचा सामना मैदानावर जिंकला जातो, हा आपल्या देशातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. मैदानावर फक्त पळापळ होते. जिंकण्याचे खरे काम घरोघरच्या बैठकीच्या खोल्यांत चालते आणि ते करणाऱ्यांना टोपी, बूट, मानधन यांपैकी काहीही मिळत नाही. हिंगोलीत हे काम किशनराव खिल्लारे यांनी सलग तेरा वर्षे, एकही दिवस बदली न मागता केले.

पोटापाण्यासाठी ते कालव्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटले की कोणत्या गावाला कधी पोचेल, याचे कागद त्यांच्या टेबलावरून जात. माणूस अत्यंत विज्ञाननिष्ठ. घरात नवस नाही, मुहूर्त नाही, उतारा नाही. अमावास्येला प्रवासाला निघत, शनिवारी नखे काढत, मांजर आडवे गेले तर मांजरालाच बाजूला व्हायला सांगत. सामन्याच्या वेळी बसण्याची जागा ही मात्र अंधश्रद्धा नव्हती. तो अनुभव होता, आणि अनुभवाची वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची.

या वहीनुसार अंतिम झालेली बैठक व्यवस्था अशी:

किशनराव: पत्र्याची घडीची खुर्ची. उजवा पाय डाव्यावर. जोडी जमल्यास पाय बदलू नये, मुंग्या आल्या तरी.

प्रभू गुरुजी (शेजारी, सेवानिवृत्त): अंगणातला संडास. गुरुजी आत असताना आपली विकेट पडत नाही, हे सतरापैकी चौदा वेळा सिद्ध झाले होते. (उरलेल्या तीन वेळा त्यांनी कडी नीट लावली नव्हती.)

पल्लवी (कन्या): पलंगाचा कोपरा. एकच वेणी घातलेली, दुसरी मोकळी. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली आणि केस कापून आली, तेव्हा तिला या अटीतून सूट देण्यात आली.

सौ. पंचफुलाबाई: स्वयंपाकघराचे दार.

या शेवटच्या नेमणुकीचा इतिहास सांगितला पाहिजे. शहाण्णव साली कुठल्याशा सामन्यात शेवटच्या षटकात दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात पंचफुलाबाई, "भाजीत मीठ टाकलं का न्हाई, आठवूनच न्हाई राहिलं बाई," असे स्वतःशीच म्हणत दारात आल्या. एक पाय आत, एक बाहेर. आणि षटकार बसला. "हलू नको!" किशनराव ओरडले. त्या ज्या थांबल्या त्या तेरा वर्षे थांबल्या. (भाजीत मीठ नव्हते, हे जेवताना कळले. पण त्या दिवशी कोणाची तक्रार नव्हती.)

त्या दारातून टीव्ही दिसत नसे. मध्ये लाकडी कपाट होते. कपाट सरकवणे शक्य नव्हते, कारण शहाण्णव साली तेही तिथेच होते.

"अवो, एकदा मी बी बगते ना," पंचफुलाबाई अधूनमधून म्हणत. "लई न्हाई, एकच ओव्हर."

"ही मालिका होऊ दे. मंग बगू."

मालिका होत गेल्या. विश्वचषक आले आणि गेले. बाईंचा प्रस्ताव विचाराधीन राहिला. त्या दारात उभे राहून लसूण सोलायच्या आणि आरडाओरड्यावरून चौकार कोणता, षटकार कोणता हे ओळखायच्या. त्यात त्यांचा हात धरणारा हिंगोलीत कोणी नव्हता.

आता या सर्व कामाला लागणारा कच्चा माल, म्हणजे चित्र, मल्हारी पुरवायचा. मल्हारी मूळचा कनेरगाव नाक्याचा. वडिलांनी शंभर मेंढरे सांभाळली, याने गच्चीवर केबलची छत्री लावून तीनशे घरे. लिंबाच्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, एका ठिकाणी तर देवळा तात्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेवरून त्याची काळी वायर घरोघर गेली होती. पुढे खेळाच्या वाहिन्यांना कुलूप लागले, पैसे भरून पेटी घ्यायची पद्धत आली. मल्हारीने पेटी आणली आणि त्याच्या चालण्यात फरक पडला. आधी तो रस्त्याच्या कडेने चालायचा, आता मधून चालू लागला.

दोन हजार नऊच्या सुमारास एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात (आपण कसेबसे जिंकलो, त्यामुळे नाव सांगत नाही) ऐन मोक्याला मल्हारीकडची वीज गेली आणि चित्र सहा मिनिटे गायब झाले. सहा मिनिटांत आपले तीन गडी बाद. दुसऱ्या दिवशी डेपोसमोरच्या हॉटेलात किशनरावांनी त्याला जाहीर जाब विचारला.

"मल्हारी, तुझ्यापायी काल म्याच जात व्हती. दिसतच न्हाई म्हटल्यावर आमी बसावं कुठं बघून?"

मल्हारीने बशीतला चहा ओढला. "दादा, तुमच्या बसण्यानं जिंकत असते तर सरकारनं तुमाला खुर्चीसगट तिकडंच नेलं असतं की. आमच्या छत्रीवर येते म्हणून तुमाला दिसते, एवढीच बात हाय."

सगळे हॉटेल हसले. भजी तळणारासुद्धा झारा खाली ठेवून हसला. तेरा वर्षांच्या सेवेची ही बोळवण किशनरावांच्या जिव्हारी लागली.

"असं? मंग ऐक. फायनलला तुझ्या वायरीचं तोंड बगणार न्हाई. तुझ्या वायरीबिगर जिंकून दावतो. अन न्हाई जिंकलं तर त्या खुर्चीत पुन्हा बसणार न्हाई. जय भीम!"

घरी येऊन त्यांनी पक्कडीने वायर स्वतः तोडली, वेटोळे करून मल्हारीच्या दारात नेऊन टाकली आणि परत येऊन बंद टीव्हीकडे दोन तास पाहत बसले. मग त्यांच्या लक्षात आले की फायनल रविवारी आहे.

पल्लवी सुट्टीला आली होती. तिच्याजवळ लॅपटॉप होता आणि घरात फोनच्या तारेवरून नुकतेच इंटरनेट आले होते. "बाबा, टेन्शन काहून घेता? इंटरनेटवर लाइव्ह दिसते ना," ती म्हणाली.

कोणतीही नवी यंत्रणा स्वीकारण्याआधी तुलनात्मक तक्ता करावा, ही कचेरीची शिस्त. किशनरावांनी तो केला. केबलची वायर काळी, इंटरनेटची पांढरी. केबलवर खेळाडू आख्खा दिसतो, इंटरनेटवर चौकोनी तुकड्यांचा (परंतु एकूण धावा त्याच). केबल बंद पडल्यास मल्हारीला शिव्या देता येतात. इंटरनेट बंद पडल्यास कोणाला द्याव्यात हे अद्याप ठरलेले नाही, ही गंभीर उणीव. केबलवाला उलटून बोलतो, इंटरनेट बोलत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर इंटरनेटची निवड झाली.

रविवारी दुपारी बैठक भरली. बंद टीव्हीच्या डोक्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे नजरेची दिशा बदलायला नको. खुर्ची, पाय, कपाट, सर्व जागच्या जागी. गुरुजी पाण्याचा डबा आणि घडी घातलेले वर्तमानपत्र घेऊन कामावर हजर झाले. पंचफुलाबाई सोलायच्या लसणाचे सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे अलीकडे दुखत, पण फायनल होती.

चित्र येत होते, जात होते. मध्येच एक गोल चक्र फिरू लागे आणि गोलंदाज हात वर करून थांबे. तो थांबला की घरातले सगळे थांबत. एकदा चार मिनिटे चक्र फिरले आणि चारही मिनिटे किशनरावांनी श्वास बेताने घेतला.

शेवटचे षटक आले. आठ धावा हव्या होत्या. गोलंदाज धावत निघाला आणि चक्र फिरू लागले. कोणी हलले नाही. आणि त्या शांततेत, मल्हारीच्या गल्लीकडून, धडाधड फटाके वाजू लागले. पाठोपाठ शिट्ट्या, आणि कोणीतरी डबा बडवत रस्त्याने पळत गेले.

संडासाची कडी वाजली. गुरुजी हसतमुखाने बाहेर आले. "जिंकलो वाटतं किशनराव!"

"गुरुजी, आत जा!" किशनराव मान न वळवता ओरडले. "आपल्यात अजून सहा बॉल हायेत!"

गुरुजी आज्ञाधारक माणूस. ते आत गेले आणि कडी लावली.

"पल्लवी, हे फटाके कशाचे?"

"बाबा, इंटरनेटवर जरा मागून येते. तीनेक मिनिटं."

"तू तर लाइव्ह म्हणली व्हती."

"लाइव्हच आहे. उशिरा आहे." किशनरावांचा चेहरा बघून तिने सोपे केले. "असं बघा बाबा, आज सिद्धेश्वरचं गेट उघडलं तर टेलच्या शेताला पाणी कवा पोचते?"

"दुसऱ्या दिवशी."

"बस, तसंच."

हे उदाहरण तिने द्यायला नको होते. सव्वीस वर्षे किशनरावांनी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचे अर्ज घेतले होते. ती माणसे कालव्याच्या काठावर उभी राहून हात हलवत, ओरडत, हात जोडत. तिकडे गेट केव्हाच बंद झालेले असे. किशनराव प्रत्येक अर्जावर 'नोंद घेतली' असे लिहीत आणि पुढचा अर्ज घेत. टेलवरून गेट हलत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? आता ते स्वतः पत्र्याच्या खुर्चीत, उजवा पाय डाव्यावर टाकून, टेलला बसले होते.

दारातून आवाज आला. "म्हंजी म्याच झाली?"

"तिकडं झाली असंल. इकडं व्हायची हाय. हलू नको तू."

"तिकडं झाली ना पण?" पंचफुलाबाईंनी लसणाचे सूप खाली ठेवले. "मंग मी हितं उभी राहून काय करून राहिले?"

किशनराव वहीची पाने उलटू लागले. बाई दार सोडून आत आल्या, कपाटाला वळसा घातला, पल्लवीशेजारी पलंगावर बसल्या आणि गुडघ्यांवर हात फिरवत लॅपटॉपकडे पाहू लागल्या. किशनरावांनी डोळे मिटून घेतले. चक्र थांबले. गोलंदाज, जो तीन मिनिटे हवेत होता, जमिनीवर आला.

"अगं बाई!" पंचफुलाबाई ओरडल्या. "केवढा लांब गेला तो! लोकायच्या बी वरून गेला! पल्ले, हा असा असते व्हय शिक्सर?"

किशनरावांनी डोळे उघडले, पण स्क्रीनकडे पाहिले नाही. तेरा वर्षांत त्यांनी सामना बघतानाचा बायकोचा चेहरा पाहिला नव्हता. फार छान दिसत होता. त्यांना मनापासून वाईट वाटले, आणि लगेच, पाय बदलावा का, असाही विचार आला. तिसऱ्या चेंडूवर आपण जिंकलो. गुरुजींना ही बातमी पल्लवीने दारावर थाप मारून दिली.

दुसऱ्या दिवशी किशनराव मल्हारीकडे गेले. मल्हारी मोठ्या मनाचा, त्याने पेढा पुढे केला. "जिंकून दावलं दादा तुमी. मानलं."

"न्हाई रे बाबा. त्या इंटरनेटवर आपलं काहीच चालत न्हाई, सगळं झाल्यावर येते. केबल ते केबल. बसल्याचा उपयोग तरी व्हते. वायर जोडून दे."

या निर्णयात देशातल्या फार मोठ्या वादाचा निकाल होता. चित्राचा दर्जा, दर महिन्याचा खर्च वगैरे मुद्द्यांवर विद्वान भांडत बसतात. खरा प्रश्न एवढाच की तुमचे बसणे मैदानापर्यंत पोचते का.

संध्याकाळी मल्हारी शिडीवर चढून वायर जोडू लागला. जोडता जोडता सहज म्हणाला, "तसं तर दादा, केबल बी मागूनच येते. म्याच मैदानातून वर उपग्रहाला जाते, तिथून आमच्या छत्रीवर पडते, मंग तुमच्याकडं. पाच-सात सेकंद तर जातातच. रेडिओवाल्याला आमच्याआधी कळते बगा."

"हळू बोल!" किशनराव दबक्या आवाजात म्हणाले.

पण चहाचे कप घेऊन पंचफुलाबाई दारातच उभ्या होत्या. एक पाय आत, एक बाहेर. त्यांनी मल्हारीला कप दिला, किशनरावांना दिला, आणि आत गेल्या. आतून लाकडी कपाट सरकवल्याचा मोठा आवाज आला. मग पत्र्याची खुर्ची उघडल्याचा.

तेव्हापासून त्या घरातली बैठक व्यवस्था थोडी बदलली आहे. खुर्चीत पंचफुलाबाई बसतात. गुरुजींना बढती मिळून ते पलंगावर आले आहेत. कपाट आता जिथे आहे तिथून स्वयंपाकघराचे दार पूर्वीइतकेच झाकले जाते, फक्त दुसऱ्या बाजूने. लाल वहीतल्या ताज्या नोंदीनुसार, किशनराव दारात असताना भारताने अकरापैकी नऊ सामने जिंकले आहेत. त्यांना तिथून काही दिसत नाही. लसूण सोलायला ते शिकले आहेत.

"काय झालं? फोर गेला का?" ते विचारतात.

"हलू नका," खुर्चीतून उत्तर येते. "जोडी जमून राहिली."

राहता राहिला प्रश्न तुमचा. तुमच्याही घरी सामना लागतो, आणि जोडी जमली की तुम्हीही कोणाला तरी हलू नको म्हणता. ते माणूस जिथे उभे आहे तिथून त्याला पडदा दिसतो का, हे एकदा मान वळवून पाहून घ्या. सामना चालू असेल तर मात्र वळू नका. उगाच विकेट जायची.