नाना मास्तरांची चूल

आमच्या शाळेत बिगरीच्या वर्गातली पोरं अक्षरं गिरवत नसत, खात असत. आता यावर माझ्यासारख्या हेडमास्तरानं संतापायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

हा सगळा उद्योग नाना मास्तरांचा. चोपड्याजवळच्या आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेत पाट्या होत्या, पेन्सिली होत्या. पण नानांनी वर्गाच्या पडवीत चूल मांडली. प्रत्येक पोरानं घरून मूठभर कळण्याचं पीठ आणायचं, मळायचं, वळायचं आणि आपलं अक्षर तव्यावर भाजायचं. कळण्याच्या ज्वारीत चिकट उडीद असल्यामुळे 'क' धड निघायचा, 'ळ' मात्र हटकून मोडायचा. पोरं कोपरापर्यंत पिठात, वर्गात धूर आणि खिदळणं पार चावडीपर्यंत. मी रागावलो की नाना शांतपणे म्हणायचे, "हात भरना का डोकं भरनं, भाऊ."

वर नियम काय, तर अक्षर ओळखलं की ते पोरानं खायचं, चुकलं की नानांनी. म्हणजे पोरांच्या चुकांवर मास्तर जेवणार. बरं, रोज चार-दोन पोरं चुकायचीच आणि नाना ती अक्षरं ठेच्याबरोबर चवीनं खायचे. इतकी लाज सोडलेला माणूस मी पाहिला नव्हता.

अखेर डिपोटी साहेब तपासणीला आले. धुरानं त्यांना ठसका लागला. म्हणाले, "एक पोर जरी अडलं, तरी ही चूल आजच्या आज मोडायची."

नानांचा चेहरा उतरला. पण पोरं धडाधड ओळखत गेली, खात गेली. शेवटी उरली झिपरी, वर्गातली सगळ्यात हुशार पोर. हातातला मोडका 'ळ' तिनं नीट बघितला, नानांकडे बघितलं आणि म्हणाली, "ग."

"मोडा," साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "काल फळ्यावर काढून दाखवलास ना गं हाच 'ळ'? मुद्दाम चुकलीस?"

तिनं तो 'ळ' नानांच्या हातावर ठेवला. "आज बठ्ठा पोरेस्नी बराबर सांगं, कोनी चुकनं नई. मंग नाना काय खातीन? काकू मरी गयी तैपासून त्यास्ना घर चूल पेटत नई."

मी साहेबांकडे वळलो आणि सगळा राग तिकडेच काढला. "साहेब, चूल राहील. मोडायची असेल तर आधी मला काढा."

साहेब चुलीला वळसा घालून बाहेर पडले. नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. तेवढा एक 'ळ' काही त्यांना खाववेना.