रागनारचा थांबा

"एवढं वळण गेलं की आलंच," तोर्केल म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता, आणि स्वीडनच्या ह्या दाल्सलांड भागात वळणांना काही तोटा नाही.

मागच्या सीटवर त्याची आई, गुन्वोर, मांडीवर पर्स धरून बसली होती. हिवाळ्यात तिचं मोठं दुखणं झालं. त्यातून उठल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. दर उन्हाळ्यात काकांच्या कॉटेजवर जाताना तिचा नवरा रागनार जिथे गाडी थांबवायचा, ती जागा तिला एकदा बघायची होती. तोर्केलला वाटलं, एवढंच ना? हा मुलूख घरापासून जेमतेम दीड तासावर. तोर्केल थायलंडला तीनदा जाऊन आला होता, पण बाबा गेल्यापासून इकडे फिरकला नव्हता. दाल्सलांड म्हणजे नॉर्वेला जाताना गाडीच्या काचेतून दिसतं ते, असंच त्याच्या गावात सगळे मानतात.

"नकाशावर इथे एकही कॅफे नाहीये," त्याची बायको लिस्बेत म्हणाली.

"नकाशावर दिसायला तो काय विमानतळ आहे? पिवळं घर होतं, तळ्याकाठी. बाबांचा जीव होता तिथल्या वॉफलवर."

गुन्वोर खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या वळणानंतर खरंच तळं आलं. काठावर घर, अंगणात बर्चच्या झाडाखाली पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, कॉफी पिणारी माणसं आणि खांबावर चढवलेला झेंडा.

"झेंडा वर आहे, म्हणजे चालू आहे," म्हणत तोर्केलने गाडी आत घातली. त्याचे डोळे भरून आले होते.

"घर लाल आहे," लिस्बेत म्हणाली.

"रंगवलं असेल. आई, हेच ना गं?"

गुन्वोरने घराकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. "छान आहे रे," ती म्हणाली.

एप्रन घातलेली एक बाई आली. "कॉफी घेणार ना?"

"तीन कॉफी आणि तीन वॉफल. मुरांबा वेगळा द्या."

बाईने मागे घराकडे पाहिलं. "वॉफल," ती म्हणाली. "बरं. बघते."

थोड्या वेळाने एक माणूस शेजारच्या घराकडे पळत गेला आणि काखेत वॉफलचं यंत्र घेऊन परतला.

"बघितलंस? अजूनही ताजे करून देतात," तोर्केल लिस्बेतला म्हणाला. पहिला घास खाऊन मात्र त्याने बाईला हाक मारली. "पूर्वी इतके कडक नसायचे हो." बाईने निमूटपणे दुसरे करून आणले. एवढ्यात रस्त्यावर एक नॉर्वेजियन जोडपं गाडी हळू करून आत डोकावू लागलं. तोर्केलने त्यांना हात करून बोलावलं, खुर्च्या ओढून दिल्या आणि बाईला आणखी दोन सांगितले. मग त्याने बिल मागितलं.

अंगणातली सगळी माणसं वळून बघू लागली. मोठ्या टेबलावरून एक म्हातारा उठून आला.

"बिल कसलं? आज मला ऐंशी पूर्ण झाली, झेंडा त्यासाठीच चढवलाय. तुम्ही माझ्या बायकोच्या माहेरचे ना, स्टॉकहोमकडचे?"

"नाही. आम्हाला वाटलं, कॅफे आहे."

"तरीच," एप्रनवाली म्हणाली. "मी बाबांना म्हटलं, स्टॉकहोमचे आहेत, ऑर्डर सोडणारच."

"पण मग विचारलं का नाही?"

"खायला बसलेल्या माणसाला तू कोण, असं कसं विचारायचं?" म्हातारा म्हणाला.

तोर्केलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कशालाच नाही म्हणायची सोय उरली नाही. कोळंबी आणि मेयोनेझचे थर दिलेला पावाचा केक त्याने दोनदा घेतला, त्यावर साय भरलेला हिरवा केक खाल्ला, आणि वाढदिवसाचं गाणंही म्हटलं. नॉर्वेजियन सगळ्यांत मोठ्याने गात होते.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

"तुझी जागा काही सापडली नाही, आई," तोर्केल म्हणाला. "एक गोष्ट मागितलीस, तीही जमली नाही मला."

"ते कोणाचं तरी घर आहे, हे मला दारातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश झाला होतास."

चढ लागला. मोठ्या वळणावर तोर्केलचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कचकन ब्रेक मारला, दार उघडलं आणि रस्त्याकडेच्या रानफुलांत वाकला. लिस्बेत पट्टा सोडवेपर्यंत गुन्वोर त्याच्याजवळ पोचलीही होती. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. "होऊ दे. सगळं पडू दे बाहेर."

तो सरळ झाला तेव्हा ती खाली तळ्याकडे बघत होती.

"हीच ती," ती म्हणाली.

"काय?"

"जागा. दरवर्षी ह्याच वळणावर तुला उलटी व्हायची. बाबा इथे गाडी थांबवायचे. मग तुझं तोंड गोड करायला खाली तळ्याकाठी होतं त्या पिवळ्या घरात न्यायचे. त्यांना स्वतःला ते वॉफल मुळीच आवडायचे नाहीत. चामडं चावल्यासारखं वाटतं, म्हणायचे."

तोर्केलला एकदम रडू आलं. लिस्बेतने पाण्याची बाटली दिली आणि पाठीवर हात ठेवला.

गुन्वोर कडेच्या दगडावर बसली. "बस इथे. पोराच्या तोंडावर रंग आला की निघू, असं म्हणत तुझे बाबा बसून राहायचे."

तिघंही बसली. खाली तळ्यावर ऊन पडलं होतं. थोड्याच वेळात तोर्केलच्या गालांवर रंग आला, आणि लिस्बेत उठायला लागली.

गुन्वोरने त्याचा चेहरा हातात धरून नीट निरखला.

"अजून नाही आला," ती म्हणाली.