बारा मजल्यांचं कापड

आमच्या लोमे शहरात कापडाचे पैसे पुरुषाने द्यावेत आणि गप्प बसावं. कुठल्या नक्षीचं नाव काय, ती कुणासमोर नेसायची आणि कुणासमोर नाही, हे सगळं बायकांचं खातं. आयितेने नेमकं त्यातच नाक खुपसलं.

आयिते आर्किटेक्ट. त्याच्या घरासमोरच बारा मजली इमारत उठत होती आणि तिच्या बाहेरच्या भिंती कशा दिसाव्यात, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. मालक आमेगान साहेबांनी तीन आराखडे परत पाठवले. पहिला बँकेसारखा, दुसरा दवाखान्यासारखा, आणि तिसरा पाहून ते म्हणे नुसतेच हसले. जरा आपलं, इथलं काहीतरी काढा, असा निरोप आला. आयिते कपाळाला हात लावून अंगणात बसला होता, तर दोरीवर बायकोचं कापड वाळत होतं. निळ्यावर पिवळे माशांचे काटे, एकाखाली एक, काय सुबक! एसिनाम ते मुलीच्या बारशाला मोठ्या तोऱ्यात नेसली होती. त्याने तिथेच वही काढली. बाल्कन्यांपुढे उन्हाला आडोसा म्हणून सिमेंटची जाळी बसवायची होती, ती सगळी काट्यांची केली, रंगही तेच, निळा नि पिवळा. बायकोला मुद्दाम सांगितलं नाही, तिला चकित करायचं होतं.

त्या बारशापासून त्याची आई आयोको घरी यायची बंद झाली होती. आयोको म्हणजे चाळीस वर्षं मोठ्या बाजारात कापड विकलेली बाई. गुडघे दुखतात, असं ती सांगायची, आणि हा शहाणा ते खरं मानून मलम पाठवायचा. आठ महिने पाठवत होता. शेवटी एसिनामच जाऊन सासूपुढे गुडघे टेकून आली, तेव्हा कुठे उद्घाटनाला यायचं आणि नंतर घरी जेवायचं आईने कबूल केलं. आयितेचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी मांडव पडला. पहिल्या रांगेत आई, शेजारी सून. इमारतीवरचं हिरवं आवरण खाली आलं आणि मागे बसलेल्या बाजारातल्या बायका पोट धरून हसायला लागल्या. आयितेला वाटलं, आनंदाने. तो वाकून वाकून नमस्कार करायला लागला.

एसिनामने त्याला शर्टाला धरून खांबाआड ओढलं.

"हे कुठून काढलंत?"

"तुझ्याच कापडावरून. आवडलं?"

"त्याचं नाव माहितेय तुम्हाला? 'तुम्ही बोला, मी मासा खाते.' बारशाला तुमच्या आईने माझ्या रश्शात खोट काढली, म्हणून मी आत जाऊन ते नेसून आले. त्याचीच माफी मागितली परवा. आणि तुम्ही तेच बारा मजले चढवून ठेवलंत."

आयितेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात ते मलम आठवलं आणि आणखीच लाज वाटली. मागे वळून बघतो तर आईची खुर्ची रिकामी.

त्याने हातापाया पडून जाळी पांढरी करून घेतली. रंगाऱ्यांचे पंधरा दिवस गेले. पण निळं-पिवळं गेलं तशा उन्हात सावल्या उठून दिसायला लागल्या आणि एका काट्याचे दोन काटे झाले. मग जाळीच उतरवा म्हणून तो साहेबांकडे गेला, तर साहेबांनी त्याला वेड्यात काढलं. बायका रांग लावून घरं बघत होत्या. प्रत्येकीला ठरावीक बाजूचंच घर हवं होतं आणि का ते एकही सांगत नव्हती. साहेबांनी आयितेला मिठी मारली. त्या मिठीत त्याला जीव द्यावासा वाटला.

तिसऱ्या आठवड्यात आई दारात उभी. आयितेची मान वर होईना.

"आई, चुकलं. मला खरंच माहीत नव्हतं."

"ते ठाऊक आहे मला. तुझ्या बापालाही कधी काही कळलं नाही." मग ती समोरच्या इमारतीकडे बघत राहिली. "ते नाव मीच दिलं होतं, माझ्या सासूसाठी. फार खपलं ते कापड."

एसिनाम पदराशी चाळा करत उभी होती. आई तिच्याकडे वळली.

"काय गं सूनबाई, कापड बोलतं ते बोलणं कुणाचं?"

"जी नेसते तिचं."

"बरोबर." आईने पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय मी, रस्त्याच्या बाजूचं. तुझ्या स्वयंपाकघराच्या अगदी समोर."

आता रोज दुपारी सासूबाई त्या जाळीमागे ताट घेऊन बसतात. एसिनाम खिडकीतून काही बोललीच, तर ऐकू येत नाही अशी खूण करून जेवत राहतात. ताटातला मासा एसिनामनेच पाठवलेला असतो, आणि रश्शात अजून खोट निघालेली नाही.

गेल्या आठवड्यात एसिनामने स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावायचं ठरवलं. आयिते मोठ्या उत्साहाने चपला घालायला लागला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "कापड मी आणते."