जिथल्या तिथे

गुरुवारी संध्याकाळी निरीक्षकांनी संगणकात पडद्यावरची चित्रे घडवणारे नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, सगळे स्क्रू आवळले, खुर्ची पुढे ओढून खेळ सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दोनदा वाचला. आकडा एकोणीस होता. जुन्या कार्डावरही तो एकोणीसच होता.

एका सेकंदात पडद्यावर किती चित्रे उमटतात, त्याची ती मोजदाद. साठ असली की खेळातली गाडी पाण्यासारखी पळते. एकोणीस असली की उचकी लागल्यासारखी चालते. ही उचकी थांबावी म्हणूनच तर नवे कार्ड आणले होते, आणि तेही उगाच हौसेखातर नव्हे. निरीक्षकांनी वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षे दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली होती. 'नवे कार्ड घेणे युक्त की अयुक्त' या प्रश्नाचा खल त्यांनी तीन आठवडे एका जाड वहीत केला होता. डाव्या पानावर पूर्वपक्ष, उजव्या पानावर खंडन आणि समासात खंडनाचेही खंडन.

"लग्नाच्या वेळी एवढा विचार केला नव्हता तुम्ही," पत्नी म्हणाली होती.

"तेव्हा तुलनेला आकडे उपलब्ध नव्हते," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले होते.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. नोकरीनिमित्त ती दूरच्या शहरात राहत असे. फोनवर दोघांचे संभाषण 'जेवलीस का' आणि 'तुम्ही जेवलात का' यापलीकडे जात नसे. पण दर रविवारी चार वाजता बापलेक आपापल्या संगणकावर बसून आग विझवण्याचा एक खेळ खेळत, आणि त्या तासाभरात दोघे मनसोक्त बोलत, भांडत, हसत. निरीक्षक बंब चालवत, लेक पाण्याचा पाइप सांभाळे. बंब भिंतीवर आदळला की निरीक्षक म्हणत, "चित्र अडकलं गं." गेले काही महिने चित्र फारच वेळा अडकत होते. आता या रविवारी जोड्यांची स्पर्धा होती, आणि लेकीने स्पष्टच सांगितले होते, "बाबा, रागावू नका, पण तुमचं असंच अडकत राहिलं तर मी ऑफिसातल्या मैत्रिणीला घेते. तीही दर रविवारी मोकळी असते."

'तीही दर रविवारी' हे तीन शब्द निरीक्षकांनी वहीत लिहून घेतले होते, आणि त्यांचे खंडन सापडले नव्हते.

शुक्रवारी त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, ड्रायव्हर जुना असेल," दुकानदार सहज म्हणाला. "आधी तो काढून टाका. नव्या कार्डाला नवा ड्रायव्हर लागतो."

निरीक्षकांची कानशिले तापली. "माझ्या मुलीचा फोन आला होता का तुम्हाला?"

"मुलीचा? नाही बुवा."

"मग ड्रायव्हर बदला हे तुम्हाला कोणी सांगितलं? गाडी मी चालवतो. गेली चार वर्षं मीच चालवतोय!"

हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाला चालवणारी आज्ञावली, माणूस नव्हे, हे समजावताना दुकानदाराची अर्धी दुपार गेली. निरीक्षकांनी आज्ञावली बदलली. आकडा एकोणीस.

शनिवारी सकाळी त्यांनी संगणकाची पेटी सोडवली. सोडवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. प्रत्येक वायरीला आणि ती ज्या भोकात असेल त्या भोकाला एकाच क्रमांकाची चिठ्ठी डकवायची, म्हणजे पुन्हा जोडताना सगळे जिथल्या तिथे. कार्ड बदलतानाही याच चिठ्ठ्या कामी आल्या होत्या. पेटी दुलईत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन ते दुकानात पोहोचले. दुकानदाराने ती आपल्या पडद्याला, आपल्या वायरीने जोडली. आकडा एकशे त्रेचाळीस.

"बघा. घोड्यासारखं पळतंय," दुकानदार म्हणाला.

निरीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग ते घरी आले, एकला एक, दोनला दोन, तीनला तीन अशी सारी जोडणी केली, प्रत्येक चिठ्ठीवर बोट ठेवून दोनदा पडताळली आणि खेळ सुरू केला. आकडा एकोणीस.

दुकानात जे धावते ते घरात रांगते, तर दोष घराचाच, हा निष्कर्ष तर्काला धरून होता. रविवारी दुपारी वायरमन आला. त्याने प्रत्येक सॉकेटमध्ये मीटरच्या सळ्या घालून पाहिल्या.

"करंट एकदम ओके आहे, काका."

"हा मीटर शेवटचा प्रमाणित कधी केला होता?"

"प्रमाणित?" वायरमन दुखावला. "वडिलांचा मीटर आहे हा."

"मग तर विचारायलाच हवं."

वायरमनने मीटरच्या वायरी गुंडाळल्या आणि जाता जाता तो, केवळ सुटका व्हावी म्हणून, एक ठिणगी टाकून गेला. "लोड खेचत असेल कोणीतरी. फ्रीज, मशिन... वरच्या मजल्यावरूनपण खेचतं कधीकधी."

झाले! पुढच्या तासाभरात घरातला फ्रीज बंद झाला, पंखे थांबले आणि कपडे धुण्याचे यंत्र पोटात ओल्या चादरी घेऊन अर्ध्या फेऱ्यात मूक झाले.

"अहो, त्या चादरींना वास येईल."

"चार ते पाच. एका तासाचा प्रश्न आहे फक्त."

"आत्ता तर दोन वाजलेत!"

"पूर्वतयारी नको का?"

आकडा एकोणीस. लेकीचा निरोप आला होता, 'बाबा, चित्र सुधारलं का? मैत्रीण विचारतेय.' उत्तराच्या जागी त्यांनी तीनदा काहीतरी लिहिले आणि तीनदा पुसले. मग ते तसेच वरच्या मजल्यावर गेले. दार शेजारणीने उघडले. आत तिचे यंत्र घरघरत होते.

एरवी निरीक्षकांचे वाक्य कर्ता, कर्म, क्रियापद अशा शिस्तीत बाहेर पडे. पण आज जीव टांगणीला लागला होता. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं मशिन चार वाजता बंद ठेवा. चार वाजता आग लागणार आहे, आमच्याकडे विझवायची सगळी तयारी आहे, पण वीज कमी पडतेय."

शेजारीण पांढरीफटक पडली. "बंद ठेवते, भाऊजी," एवढेच ती बोलली. निरीक्षकांनी समाधानाने आभार मानले व ते खाली आले.

चारला दहा मिनिटे असताना दारावर धपाधप थापा पडल्या. शेजारीण उभी होती. काखेत घराच्या कागदपत्रांची फाइल, एका हातात सासूबाईंचा हात, दुसऱ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली.

"कुठं लागणार आहे?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती खोलीत घुसली.

"अगं, त्या पेटीवर नको!" पत्नी किंचाळली.

"हीच का ती? मला वाटलंच, हिच्यातूनच लागणार!"

सासूबाई शांतपणे निरीक्षकांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ओता पाणी एकदाचं. मला परत जिने चढायचेत."

पत्नीने बादलीची कडी धरली, निरीक्षकांनी बूड धरले. पाणी जमिनीवर हिंदकळले. ते पेटीखाली जाऊ नये म्हणून पत्नीने पेटी भिंतीपासून ओढून आडवी फिरवली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तिची पाठ पाहिली.

"अहो, या खालच्या भोकांना चिठ्ठ्या का नाहीत?"

"ती नव्या कार्डाची. जुन्या कार्डालाही होती."

"मग त्यात काही लावलं नाहीत?"

"जुन्याला लावलेलं नव्हतं. मग नव्याला कसं लावणार? जे जिथे होतं ते तिथेच लावलंय."

"आणि पडद्याची वायर?"

"वर. तिसऱ्या भोकात. पहिल्यापासून तिथेच आहे."

पत्नी पाणी पुसता पुसता थांबली. "मला यातलं काही कळत नाही. पण कार्ड खाली, आणि पडद्याची वायर वर. मग कार्डातलं चित्र पडद्यावर जातं कुठून?"

निरीक्षकांनी वायर पाहिली, कार्ड पाहिले, मग पत्नीकडे पाहण्याचे टाळले. वरचे भोक संगणकाच्या मूळ, साध्या, हिशेबबिशेब लिहिण्यापुरत्या चित्रसोयीचे होते. चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांनी वायर तिथे खोचली होती, आणि त्यानंतर प्रत्येक साफसफाईत ती तितक्याच काटेकोरपणे तिथेच परत खोचली होती. जुने कार्ड चार वर्षे एकही फाइल न हलवता खुर्ची उबवत बसले होते.

"म्हणजे जुन्या कार्डानेही चाललं असतं?" पत्नीने विचारले.

"चार वाजायला दोन मिनिटं आहेत," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी वायर खाली खोचली.

आकडा एकशे चाळीस. वहीतली सगळी पाने, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही, एका झटक्यात रद्द झाली. पण त्याचे दुःख करायला वेळ नव्हता. सासूबाईंना विनंती करून दुसऱ्या खुर्चीवर हलवण्यात आले. शेजारीणही थांबली, कारण आग नेमकी कशी लागते हे तिला आता पाहायचेच होते.

"बाबा, दिसतंय का नीट?" कानावरच्या हेडफोनमधून लेकीचा आवाज आला.

"आरशासारखं!" खरोखरच तसे दिसत होते. रस्त्यावरचा प्रत्येक खडा, बंबाच्या काचेवरचा प्रत्येक ओघळ. घंटा वाजली, खेळातल्या गोदामाने पेट घेतला, निरीक्षकांनी बंब काढला, डावीकडे वळवला आणि पूर्ण वेगाने अग्निशमन केंद्राच्याच फाटकावर घातला.

"बाबा?" लेक म्हणाली. "अडकलं का चित्र?"

निरीक्षकांनी कोपऱ्यात पाहिले. एकशे एकेचाळीस. 'हो' म्हटले असते तर तिकडे कोणाला कळणार होते? पण एकोणतीस वर्षांत त्यांनी खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता. मैत्रीण, तिचे मोकळे रविवार आणि आपले इथून पुढचे रिकामे चार वाजणे हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले, तेही मुळीच न अडकता.

"नाही गं," ते म्हणाले. "चित्र उत्तम आहे. मीच धडकलो."

"मग याच्या आधी..."

"याच्या आधीही बरेचदा मीच."

तिकडून आधी नाकातून आवरलेले आणि शेवटी न आवरलेले हसू आले. "आणि मी तिला सांगत होते, बाबा भारी चालवतात, कॉम्प्युटरच भंगार आहे! घ्या आता मागे. रिव्हर्स कुठंय माहितेय ना?"

"शोधतो."

"शोधा, शोधा. आणि उद्यापासून रोज सात वाजता अर्धा तास शिकवणी. तिला सांगते मी, दुसरी जोडी बघ म्हणून."

निरीक्षकांना रिव्हर्स सापडेपर्यंत गोदाम पार जळून गेले. जळताना मात्र ते, सेकंदाला एकशे चाळीस चित्रांच्या हिशेबाने, इतके सुंदर दिसत होते की शेजारणीच्या सासूबाईंनीही जिने चढण्याचा विषय काढला नाही.