शेवटचा पास आप्पासोंच्या हस्ते

कोणतीही वस्तू वाटताना ती आधी कोणाच्या हातात द्यायची, यावर समाजाचं स्वास्थ्य अवलंबून असतं. अमेरिकेसारख्या मोठ्या देशाला हे अजून उमगलेलं नाही, ही खेदाची बाब आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये (तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, पण तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे) एकजण मागे उभा राहून चेंडू फेकतो, बाकीचे झेलायला पुढे पळतात, आणि ज्याच्या आसपास विरोधक नाहीत अशा कोणाकडेही चेंडू टाकला जातो. वय बघत नाहीत, मान बघत नाहीत, नुसती मोकळी जागा बघतात.

हा खेळ व्हिडिओ गेम म्हणून टीव्हीवर खेळायची सोय झाल्यावर त्यातली ही उणीव दूर करण्याचं काम तासगावच्या आमच्या मंडळाने हाती घेतलं. मी मंडळाचा चिटणीस. आमचे अध्यक्ष आप्पासो यांच्या बेदाण्याच्या शेडवर, ऑफिसच्या खोलीत, आमचा सराव चालतो. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं, हा या खेळाचा मूळ नियम. शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या धोंडुबाईंना तो एका दमात समजला. "म्हंजे लुगड्यापेक्षा एक वार जास्त," त्या म्हणाल्या. आम्हाला समजायला आठवडा लागला.

चेंडू फेकायचं काम आप्पासोंची पुतणी समीक्षा हिच्याकडे आहे. ती कुंडलची, सांगलीला कॉलेजात शिकते, आणि तिची बोटं चपळ आहेत. झेलणारे चौघे, प्रत्येकाच्या हातात एक रिमोट आणि पडद्यावर त्याने पळवायचा एक खेळाडू. पडद्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक चिन्ह दिसतं आणि समीक्षाने आपल्या रिमोटवरचं त्या चिन्हाचं बटण दाबलं की चेंडू त्याच्याकडे जातो. चिन्हवाटप रीतसर सभेत झालं. त्रिकोण आप्पासोंना, कारण ते अध्यक्ष. गोल उपाध्यक्ष भाऊसोंना. चौकोन कृष्णातला, कारण टीव्ही त्याच्या घरचा. उरलेली फुली बिरदेवला मिळाली. बिरदेव शेडवर पिकअप चालवतो. त्याने मंडळाला काहीच दिलेलं नव्हतं, नुसता वेळेवर यायचा.

पासचं धोरणही ठरलं. पहिला पास आप्पासोंना, दुसरा भाऊसोंना, तिसरा कृष्णातला, आणि चौथा, प्रयत्न शेवटचा व महत्त्वाचा असल्याने, पुन्हा आप्पासोंना. बटण दाबून धरलं तर चेंडू सरळ सणकत जातो आणि नुसती टिचकी मारली तर उंच, सावकाश जातो. ज्येष्ठांच्या अंगावर वस्तू भिरकावणं बरं दिसत नाही, म्हणून सर्व पास उंच द्यावेत असं पोटकलम मी सुचवलं. ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

धोरणाचे परिणाम लगेच दिसू लागले. शंभरातले एकसष्ट पास विरोधकांनी झेलले, एकोणतीस जमिनीवर पडले, आणि उरलेल्यांबद्दल आम्हाला अभिमान आहे. मात्र एकाही पासवरून मंडळात रुसवाफुगवी झाली नाही. (सांगली आणि साताऱ्याच्या संघांनी हा आकडा दाखवावा.)

या काळात बिरदेव पळत होता. प्रत्येक डावात तो उजव्या कडेने सुटायचा, जिथे झेललं की गुण मिळतात त्या रेघेपलीकडे जाऊन उभा राहायचा आणि हात वर करायचा. आसपास चिटपाखरू नसायचं. चेंडू कधी आला नाही. त्याची तक्रारही नव्हती, फक्त एकदा पिकअप धुताना तो समीक्षाला म्हणाला, "ताई, येकडाव तरी टाका की माझ्याकडं. घरी पोरगी इचारती, बाबा तुमी टीव्हीत नुसतं पळताच का म्हून." समीक्षाने हे सभेत मांडलं. भाऊसोंनी प्रेमाने समजूत घातली, "त्येला मोकळं पळाय मिळतंय, ह्योबी मानच हाय की."

धोंडुबाईंनीही एकदा खिडकीतून विचारलं, "त्यो फुलीवाला येकटाच उभा हाय, त्येला कुनी वळखत न्हाई व्हय?" त्या मंडळाच्या सभासद नसल्याने प्रश्नाची नोंद घेता आली नाही.

मग या खेळाची स्पर्धा भरली. तीत आमच्यासमोरचे दोन संघ आलेच नाहीत, त्यामुळे आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. सामना सांगलीला एका मंगल कार्यालयात होता. चेंडू फेकणाऱ्या दोघांना, म्हणजे आमची समीक्षा आणि सांगलीचा धवल यांना, स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या खुर्च्या दिल्या होत्या. (याचा वेगळा अर्थ काढू नये, असं निवेदकाने दोनदा सांगितलं. त्यामुळे सगळ्यांनी काढला.)

सांगलीकरांनी आमच्या धोरणाचा अभ्यास केला होता. आप्पासोंभोवती तीन माणसं, भाऊसोंभोवती दोन, कृष्णातजवळ एक. बिरदेवकडे कोणीच नाही. तरी सांगलीकरांच्याच धांदरटपणामुळे आम्ही शेवटपर्यंत चारच गुणांनी मागे राहिलो. शेवटचा प्रयत्न उरला. रेघ सहा वारांवर होती. पलीकडे चेंडू झेलला की सहा गुण आणि ढाल आमची. समीक्षाने विश्रांती मागितली.

"काका, तुमच्यापाशी तिघं उभं हायती. बिरदेव मोकळा हाय."

"असूदे," आप्पासो म्हणाले. "चौथा पास माझा हाय. चार लोकांत आता मोडता घालू नगं."

बिरदेव खाली बघून आपल्या रिमोटची वायर सरळ करत होता. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग स्टेजवरच्या हारतुऱ्यांकडे पाहिलं, आणि स्टेजवरून उतरून आप्पासोंना वाकून नमस्कार केला.

"काका, खरंय तुमचं. शेवटचा पास म्हंजे लय मोठं काम. माझ्यासारखीनं कशाला करायचं? तुमच्या हस्ते व्हावं."

आप्पासोंनी आजवर दोन पाण्याच्या टाक्या, एक रसवंती आणि अगणित क्रिकेट स्पर्धांची उद्घाटनं केली आहेत. 'तुमच्या हस्ते' म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप पुढे येतो. त्यांनी स्वतःचा रिमोट खाली ठेवला, टोपी नीट केली आणि ते स्टेजवर चढले. समीक्षाने डाव सुरू करून दिला आणि आपला रिमोट त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी धरला, ताटात नारळ धरतात तसा.

"कुठलं दाबायचं?" त्यांनी विचारलं. फीत कुठे कापायची हे पाहुण्यांना सांगावंच लागतं.

"हे फुलीचं."

पडद्यावरचा त्रिकोणवाला, त्याचा रिमोट खुर्चीवर पडलेला असल्याने, जागच्या जागी उभा होता. सांगलीची तिन्ही माणसं त्याला इमानाने घेरून होती. आप्पासोंनी बटण दाबलं, आणि उद्घाटनाची सवय असल्याने फोटो निघेपर्यंत दाबून धरलं. चेंडू सणकत सरळ गेला. तासगावचा पास सरळ जाताना सांगलीकरांनी पहिल्यांदाच पाहिला. बिरदेवने तो छातीशी धरला, रेघेपलीकडे.

"आला की वो," खुर्चीतला बिरदेव म्हणाला, आणि रिमोट तसाच छातीशी धरून बसला. मलाही फार आनंद झाला, तो चिटणीस म्हणून होता की कसा, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात फ्लेक्स लागला: 'आप्पासोंच्या शुभहस्ते विजय संपन्न'. पुढच्या सभेत फुली शुभ ठरल्याने ती एकमताने अध्यक्षांना देण्यात आली. बिरदेवला त्रिकोण मिळाला. त्याच्या मुलीसाठी फ्लेक्सवरचा फोटो मी मुद्दाम मोबाइलवर पाठवला. मध्ये आप्पासो, डावीकडे भाऊसो, उजवीकडे कृष्णात, टोकाला समीक्षा, मागे मी. त्यात बिरदेव नाही. फोटो त्यानेच काढला होता.

आमच्या धोरणाला हसावंसं वाटणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त त्याआधी आपल्या घरच्या अलीकडच्या कार्याचा फोटो शोधून समोर ठेवावा. मध्ये कोण बसलंय ते तुम्ही झोपेतही सांगाल. तो काढला कोणी, तेवढं आठवून बघा.