आईच्या पोफळीचं युद्ध

आजवर पडद्यावर एकही युद्ध पैशासाठी झालेलं नाही. जमीन, बंदर, जकात असल्या क्षुद्र गोष्टींसाठी लढतो तो शत्रू. तो तंगडी चावत नाणी मोजतो आणि गडगडाटी हसतो. आपण लढतो ते आईच्या अश्रूंसाठी. आपल्या बाजूला खजिनदार नसतोच. मग एवढ्या फौजेला भाकरी कोण घालतं, असला प्रश्न सुसंस्कृत प्रेक्षक विचारत नाही. (गाणं घालतं.)

श्रीवर्धनचे निवृत्त इतिहास-मास्तर मार्तंडराव यांना हा नियम ठाऊक नव्हता. रिकामपणी त्यांनी सिनेमासाठी कथा लिहिली: दोन राजे सुपारीच्या जकातीवरून लढतात. सगळं कसं खरंखुरं! ती वाचून कंपनीने मुंबईहून तातडीने आश्लेषा नावाची मुलगी धाडली. हुद्दा, भावना-सल्लागार.

ओटीवर कोकम सरबत पीत ती म्हणाली, "काका, कथा झकास आहे. पण जकातीसाठी रडणार कोण?"

"अगं, पण लढाया त्याच्यासाठीच होतात!" मार्तंडराव तडकले.

"होऊ देत ना. दाखवायच्या नाहीत."

मग तिने आकडेवारी मांडली. पडद्यावरच्या एकूण अश्रूंपैकी साठ टक्के आईचे, पंचवीस बहिणीचे, बारा घोड्याचे. उरलेले तीन टक्के तिकिटाचा दर बघून येतात, ते हिशेबात धरत नाहीत. त्यानुसार जकात गेली आणि आई आली. दुसऱ्या सरबताला आई आंधळी झाली. (आंधळ्या आईचा मुलगा आजवर एकही लढाई हरलेला नाही.) मार्तंडराव आधी हिरमुसले, मग हरखले, आणि दिवेलागणीपर्यंत आईला स्वतःहून खोकला लावून मोकळे झाले.

या विद्येचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. त्यांचा पुतण्या अनीश शेजारच्या वाडीत राहायचा. आईवेगळं पोर, मार्तंडरावांच्या बायकोने, गोदावरीकाकूंनीच लहानाचं मोठं केलेलं. गणपतीत पहिला मोदक देवाला आणि दुसरा अनीशला, असा घरचा शिरस्ता. काका-पुतण्या दोघांनीही आपापल्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. दोन्ही वाड्यांच्या मधून एक बोळ समुद्राकडे जायचा, आणि त्याच्या ऐन मध्यावर सुपारीचं एक झाड उभं होतं.

अनीश आला आणि सरळ बोलला, "काका, ही एक पोफळ काढून टाकू. बोळ दोघांचा. पाहुण्यांच्या गाड्या दोघांकडेही आत येतील."

इतकं साधं बोलणं ऐकून मार्तंडराव हादरलेच. सगळा बोळ आपल्यालाच मिळाला तर काय बहार येईल, असं त्यांच्या मनात आलं खरं, पण हे तर शत्रूचं बोलणं झालं! म्हणून त्यांनी धावत जाऊन पोफळीला मिठी मारली आणि टाहो फोडला, "ही माझ्या आईने लावली रे!"

आश्लेषाने डोळे पुसले. आळी गोळा झाली.

"अहो, सासूबाईंनी कुठे?" गोदावरीकाकू म्हणाल्या. "वाऱ्याने सुपारी पडली आणि रुजली. माझ्यादेखत!"

सदर निवेदनाची कोणीही नोंद घेतली नाही. अनीशही शेवटी याच घरात वाढलेला. त्याने उभ्या उभ्या आजोबा काढले. आजोबांनी म्हणे याच पोफळीला टेकून प्राण सोडला होता. (आजोबा गेले ते पुण्याला, मूळव्याधीच्या ऑपरेशनात.) दुपारी पोफळीला हळदकुंकू लागलं, हार चढला. संध्याकाळी अर्धी आळी आईची झाली, अर्धी आजोबांची, आणि कोणी कोणाच्या विहिरीकडे फिरकेना. बोळाचा विषय मात्र कोणीही काढला नाही. एवढ्या पवित्र प्रसंगी गाड्यांचं बोलणं शोभतं का?

अखेर पंचांनी बोळ मार्तंडरावांना दिला, कारण आजोबांपेक्षा आई वरचढ. "आता या घरचं पाणीसुद्धा नको," म्हणून अनीश निघून गेला. काकू दारापर्यंत धावल्या, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आश्लेषाने कथेतल्या दोन्ही राजांना पोफळीखाली आणून लढवलं. सिनेमा तुफान चालला! आईची पोफळ बघायला श्रीवर्धनला इतक्या गाड्या लोटल्या, इतक्या लोटल्या की त्या गाड्यांना आईची पोफळच आडवी येऊ लागली. मार्तंडरावांनी जड अंतःकरणाने ती तोडली आणि जनभावनेचा मान राखून कडेला फायबरची उभी केली. तिला रात्री दिवेही लागतात.

यंदा गणपतीत गोदावरीकाकूंनी दुसरा मोदक पानात वाढला. पानावर कोणी बसलं नाही.

"वाया कशाला? मला दे तो," मार्तंडराव म्हणाले.

काकूंनी दिला नाही. मोदक वाटीत घेऊन त्या बोळात गेल्या आणि अनीशच्या बंद दाराकडे बघत ढसाढसा रडल्या. पण त्या आंधळ्या नाहीत, त्यांना खोकला नाही, आणि अनीश काही त्यांच्या पोटचा नाही. त्यामुळे हे रडणं आकडेवारीत कुठेच बसलं नाही.

तुम्ही तेव्हा तिथेच होतात. सिनेमा दोनदा बघून आला होतात आणि फायबरच्या पोफळीला टेकून, पाणावल्या डोळ्यांनी फोटो काढून घेत होतात. मागे कोणीतरी बाई वाटी घेऊन रडत उभी होती. फोटोत येत होती, म्हणून तुम्ही तिला जरा बाजूला व्हायला सांगितलंत. गाडी मात्र अगदी आतपर्यंत गेली, नाही का?