कुलोगच्या खुर्चीचा नवा मेयर

सॅन तेल्मो गावाने सलग दोन निवडणुकांत सार्जंट कुलोगला मेयर म्हणून निवडून दिले होते. कुलोग हा चित्रपटातला माणूस आहे, ही बाब नगरपालिकेच्या कामकाजात कधीच अडचणीची ठरली नव्हती. प्रत्यक्ष खुर्चीत बसायचा तो क्रिसांतो मालाबानान, बारा चित्रपटांत कुलोग झालेला नट. मतपत्रिकेवर टोपणनाव छापायची सोय असल्याने त्याने नुसते ‘कुलोग’ छापून घेतले होते. क्रिसांतोला कोण मत देणार? आता गुडघे कुरकुरत होते आणि कुलोगच्या कातडी जाकिटात पोट मावत नव्हते. तरी एवढ्या वर्षांत त्याच्या हातून चुकून एक काम झाले होते. गावाच्या नदीवर अर्धा पूल उभा राहिला होता. उरलेला अर्धा पुरा करायचा आणि मग सुखाने मरायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

अशात चित्रपट कंपनीने जाहीर केले की तेराव्या चित्रपटात कुलोग होणार झांद्रो इलागान. वय कोवळे, दंड टणक.

क्रिसांतोने बातमी वाचली, सुक्या मासळीशी भात खाल्ला आणि तो कचेरीत गेला. दारावरच्या शिपायाने सलाम केला नाही.

“काय रे, हात दुखतोय?”

“नाही साहेब. कुणाला ठोकायचा ते अजून ठरलेलं नाही म्हणतात.”

आत नगरसचिव पेर्लाबाई त्याच्या खुर्चीला मापाची टेप लावून बसल्या होत्या. “नवे मेयर सडपातळ आहेत ना, एवढी रुंद कशाला?”

“अहो पेर्लाबाई, बदललाय तो सिनेमातला! मी निवडून आलोय!”

“तुम्ही?” पेर्लाबाईंनी गावच्या वकिलाकडे पाहिले. ॲटर्नी बुएनाफे घसा खाकरून उठले.

“रागावू नका साहेब, शांतपणे बघा. मतं कुणाला पडली? कुलोगला. कुलोगचे हक्क कुणाकडे? कंपनीकडे. म्हणजे जनतेचा कौल कंपनीच्या मालकीचा. तुम्ही तो नुसता अंगात घालून हिंडत होतात.”

“आणि मी केलेल्या सह्या?”

“त्या कायम. सही कुलोगचीच होती की!”

क्रिसांतो तडक बाजारात गेला. जनता आपल्या बाजूने उभी राहील, असा त्याचा समज होता. बारा चित्रपटांच्या शेवटी ती तशी राहिली होती.

“तासिंगमावशी, तुम्ही तरी सांगा,” तो मासळीवालीला म्हणाला. “मागच्या पुरात तुमच्या घरी तांदूळ कुणी पोचवले?”

“कुलोगनं! देव त्याचं भलं करो.”

“म्हणजे मीच ना!”

“तेव्हा तुम्ही होतात बाबा. आता तो पोरगा आहे. त्या पोराचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.”

झांद्रोने शपथ घेतली. तो गुणी मुलगा होता. कंपनीला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. पुलाची फाइल आली तेव्हा त्याने ती कंपनीकडे पाठवली. कंपनीने कळवले की कुलोग प्रत्येक चित्रपटात दातांत सुरा धरून नदी पोहून जातो, सबब पूल हा पात्राच्या स्वभावाशी विसंगत आहे. काम थांबले.

गावाने तक्रार केली नाही. बायका टोपल्या डोक्यावर बांधून पोहू लागल्या, मास्तर हजेरीपट दातांत धरून पोहू लागले. दोघे वाहून गेले. त्यांच्या घरच्यांना झांद्रोची सही असलेला फोटो देण्यात आला. तो त्यांनी मृतांच्या फोटोच्या वर लावला, कारण तो मोठा होता.

पुढच्या निवडणुकीला क्रिसांतो स्वतःच्या नावाने उभा राहिला. अर्ध्या पुलाच्या टोकाशी उभे राहून त्याने भाषण केले: उरलेला अर्धा मी बांधेन.

“बोलतो छान हो म्हातारा,” लोक म्हणाले. “पण आहे कोण हा?”

झांद्रो प्रचाराला आलाच नाही. त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा आला. त्याच्याशी हात मिळवायला रांग लागली.

मतदान केंद्र पलीकडच्या काठावर होते. क्रिसांतोने पँट डोक्याला गुंडाळली आणि तो गावाबरोबर पोहत गेला.

निकाल लागला. कुलोगला सगळी मते, क्रिसांतोला शून्य. पेर्लाबाईंनी दोनदा मोजून घेतली आणि खालच्या आवाजात विचारले, “साहेब, निदान तुमचं स्वतःचं तरी?”

क्रिसांतो शर्ट पिळत होता. “पाणी फार होतं हो पेर्लाबाई. मधोमध पाय सुटले. तेव्हा मनात आलं, आज कुलोग असता तर हा पूल कधीच पुरा झाला असता. मग आत गेलो आणि...” त्याने हाताकडे पाहिले.

सॅन तेल्मोवर कुणी हसायला हरकत नाही. फक्त आधी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे नाव कुणाला न विचारता सांगावे. नाहीच आठवले, तर निवडणुकीच्या फलकावर त्याच्या डोक्यावर कुणाचा मोठा फोटो होता, ते सांगितले तरी चालेल. तो आठवतोच.